स्टेनवेर्ड न जिंकण्याची मोहीम

आम्हाला आलेला हुकूम एका वाक्याचा होता: स्टेनवेर्डला वेढा घाला, पण स्टेनवेर्ड घेऊ नका.

कर्नल फान आस्वेल यांनी तो दोनदा वाचला, कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि माझ्याकडे दिला. मी पलटणीचा चिटणीस. फ्रानेकरच्या विद्यापीठात सहा वर्षं धर्मशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस. न समजणारे कागद माझ्याकडे यायचे, हा पलटणीतला रिवाजच होता.

"त्यार्क, याचा अर्थ काय?"

"हूल द्यायची, कर्नलसाहेब."

"कोणाला?"

"स्पेनच्या सेनापतीला. तो लिंडेनबोर्खला वेढा घालून बसलाय. आपण त्याच्या पाठीमागच्या एका गावाला हात घालायचा. तो चिडून निम्मं सैन्य इकडं धाडेल. तेवढ्यात आपलं मोठं सैन्य उरलेल्यांना हटवून लिंडेनबोर्खात धान्य पोचवेल."

"आणि इकडं येणारं निम्मं सैन्य?"

"ते आपल्याला भेटेल."

कर्नलसाहेबांनी थोडा विचार केला. "भेटायच्या आत निघायचं," ते म्हणाले. युद्धशास्त्राबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत नेमकं वाक्य.

या बेतात माझा स्वार्थ होता, तो आधीच सांगून टाकतो. लिंडेनबोर्खात माझी धाकटी बहीण हिस्के होती. तिचा नवरा डाउवे मेणबत्त्या करायचा. त्यांना दोन मुली. तिचं शेवटचं पत्र एका मासेवालीनं टोपलीच्या तळाशी घालून बाहेर आणलं होतं. लिहिलं होतं: "आम्ही बरे आहोत. घोडे संपले. नगरसभा म्हणते धान्य जुलैअखेरपर्यंत पुरेल, म्हणजे वीस तारखेपर्यंत पुरेल. उत्तर पाठवलंस तर त्यात बायबलमधली वचनं घालू नकोस. ती इथं भरपूर आहेत."

आम्ही स्टेनवेर्डसमोर पोचलो तेव्हा जुलैची पहिली तारीख होती.

स्टेनवेर्ड म्हणजे चारशे घरं, एक चर्च, बिअरच्या तीन भट्ट्या आणि भोवती आजोबांच्या काळातला तट. आम्ही सातशे, आणि आमच्या खऱ्या तोफा दोन. एवढ्यावर कोणताही सेनापती दचकणार नाही हे उघड होतं. म्हणून सार्जंट वोब्बेनं रस्त्याकडेची एल्मची झाडं पाडली, दहा ओंडके गोल तासले, डांबर फासलं आणि गाड्यांच्या चाकांवर चढवले. वोब्बे पूर्वी होड्या बांधायचा. खोट्या कामातसुद्धा हयगय त्याला खपत नसे.

"तोंडाकडं जरा निमुळती हवी होती," मी म्हटलं.

"चिटणीस, तुम्ही आपल्या शाईचं बघा. तोफ कशी दिसते ते मला ठाऊक आहे. माझा डावा कान तिनंच नेलाय."

"नाही, पण दुरून कोण एवढं बघणार?"

"दुरूनच बघणार आहेत हो, म्हणून तर लाकडाची चालतेय!"

मग रीतीप्रमाणे आमचा कर्णेवाला वेशीसमोर गेला आणि त्यानं शरण येण्याची हाक दिली. या हाकेला एक ठरलेलं उत्तर असतं. तटावरून कोणीतरी ओरडतं, "राजाच्या नावानं, नाही!" मग एखादी शिवी येते, एखादी गोळी येते आणि कामाला सुरुवात होते. इथं कर्णेवाल्याची दुसरी फुंकर पुरी व्हायच्या आत वेस उघडली. आतून एक जाडजूड गृहस्थ उशीवर लोखंडी किल्ली घेऊन बाहेर आला, आमच्या छावणीपर्यंत चालत आला आणि घाम पुसत म्हणाला, "मी गोसविन. इथला महापौर. किल्ली कुठं ठेवू?"

कर्नलसाहेबांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या मांडीवर तान्हं मूल आणून ठेवलंय.

"आत्ताच नको," ते म्हणाले.

"आत्ताच घ्या हो. शेतात गवत कापून पडलंय. तुमची वेढ्याची माणसं ते तुडवणार, मग तुम्ही गाव घेणार, मग आम्ही हिवाळ्यात गाईंना काय घालणार? त्यापेक्षा आज गुरुवार आहे, उद्यापर्यंत सगळं उरकेल."

कर्नलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "गाव घेतलं तर त्यात राखण म्हणून चारशे माणसं ठेवावी लागतील. आणि स्पॅनिश सेनापती म्हणेल, गेलं ते गेलं, आधी लिंडेनबोर्ख संपवू, मग सावकाश बघू. हूल कसली राहिली मग? तू आत जा आणि यांना समजाव."

"काय समजावू?"

"की शरण येणं चांगलं नाही."

तर अशा रीतीनं मी शत्रूच्या गावात, शत्रूला माझ्याविरुद्ध लढायला राजी करण्यासाठी गेलो. फ्रानेकरला वक्तृत्वाच्या वर्गात असा विषय कधी आला नव्हता.

नगरसभेच्या खोलीत महापौरांबरोबर किल्लेदार बसला होता. कप्तान ओल्मेदो, साठीचा स्पॅनिश माणूस, तोंडात मोजके दात, हाताखाली ऐंशी शिपाई. त्याच्याकडे बघितल्यावर मला हायसं वाटलं, कारण त्याचा चेहरा संतापानं लाल होता.

"या बिअरवाल्यानं मला विचारलंसुद्धा नाही!" तो म्हणाला. "किल्ली माझी आहे. तोफेचा एकही गोळा पडायच्या आत गाव दिलं तर माझं मुंडकं जाईल. तशी रीत आहे."

"आणि भिंतीला भगदाड पडल्यावर दिलं तर माझं गाव जातं," गोसविन म्हणाला. "मग शिपाई आत घुसून तीन दिवस लुटतात. तीही रीतच आहे. तुमचं एक मुंडकं, कप्तान, आणि माझी चारशे घरं. दगडापेक्षा वीट मऊ."

"माझं मुंडकं वीट आहे?"

"मऊ आहे असं म्हणालो."

गोसविनच्या हयातीत हे गाव पाच वेळा हातपालट झालं होतं. आमच्या पंथाला मूर्ती चालत नाहीत, म्हणून आमची माणसं आली की चर्चमधले संत तळघरात जायचे, स्पॅनिश आले की वर यायचे. गावातले दोन सुतार एवढे सरावले होते की कोणता संत कोणत्या दारातून आडवा न्यावा लागतो ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. संत अँथनीचं नाक मात्र दर खेपेला तुटायचं. शेवटी त्यांनी ते निघणारं बसवून घेतलं होतं.

अशा माणसाला मी धर्मासाठी लढा असं सांगणार होतो. नाही सांगितलं. मी तिसरी रीत पुढे केली. दोन्ही बाजूंना ती मान्य असते. गाव लिहून देतं की अमुक दिवसापर्यंत आमच्या राजाची कुमक आली नाही, तर आम्ही मानानं वेस उघडू. तोवर घेरणाऱ्यानं तट फोडायचा नाही, फक्त शोभेपुरता मारा करायचा. त्यामुळे किल्लेदाराचं मुंडकं राहतं आणि गावाची लूट टळते. आमच्याकडून एक वचन: गवताला हात लावणार नाही.

"शोभेपुरता म्हणजे?" गोसविननं विचारलं.

"दिवसाला चार गोळे."

"मग ते उत्तरेच्या कबुतरांच्या बुरुजावर टाका. तो पाडायचाच आहे. तीन वर्षं सभेत वाद चाललाय की पाडायचं काम कोणी करायचं."

ओल्मेदोनं मान डोलावली. "माझ्या सेनापतीला मी कुमक मागणारं पत्र लिहीन. दिवस कोणता?"

इथं मला एक कल्पना सुचली. ती मला फार आवडली, आणि मला आवडलेल्या कल्पनांपासून मी सावध राहायला हवं होतं. मी म्हटलं, "संत याकोबाचा सण ठरवू. दुपारी बारा."

संत याकोब हा स्पेनचा पाठीराखा. त्याच्या सणाच्या दिवशी स्पेनच्या राजाचं गाव आमच्यासारख्या पाखंड्यांच्या हाती जाणार, हे पत्रात वाचल्यावर सेनापतीला जेवण गोड लागणार नव्हतं. त्याला यावंच लागलं असतं. ओल्मेदोचे डोळे पाणावले. गोसविन लगेच "चालेल" म्हणाला. खरं तर मी घासाघीस करायच्या तयारीनं गेलो होतो. इतक्या लवकर होकार आला तो माझ्या वक्तृत्वाचा परिणाम, असं मी मानलं.

"आणि कुमक आलीच तर?" गोसविननं जाता जाता विचारलं.

"ती तुमचीच माणसं असतील."

"म्हणूनच विचारतो." मग तो स्वतःच हसला. "पण कोण येतंय! पन्नास वर्षांत या गावासाठी कोणी आलेलं नाही."

करार मी लिहिला; कर्नलसाहेब, गोसविन आणि ओल्मेदो अशा तिघांनी सह्या केल्या. ओलीस म्हणून गोसविननं आपला मेहुणा लॅम्बर्ट दिला. तो त्यानं इतक्या उदारपणे दिला की आम्ही जरा बुचकळ्यात पडलो. दोन दिवस लॅम्बर्टबरोबर जेवल्यावर कारण कळलं. तो घास घेता घेता बोलायचा, आणि बोलणं कधी संपायचं नाही.

पुढचे दोन आठवडे मी पाहिलेल्या युद्धातले सर्वांत सुखाचे. सकाळी दोन गोळे, संध्याकाळी दोन. बुरुज हळूहळू उतरत होता आणि तटावरून गवंडी ओरडून सांगायचे, "जरा डावीकडं मारा हो! कोपरा राहिलाय!" वोब्बे लाकडी तोफा रोज इकडच्या तिकडे हलवायचा आणि समोर ओलं गवत जाळून धूर काढायचा. बिअरचं पिंप दर रविवारी वेशीतून आपोआप बाहेर यायचं. पाद्री मेनोल्डुस तेवढे नाराज होते. ते आमच्या पलटणीचे धर्मोपदेशक. त्यांना शत्रूशी एवढं सौजन्य हे पापाचं लक्षण वाटायचं, आणि पिंप रविवारी येतं म्हणून तर जास्तच.

पंधरा जुलैला सकाळी आमचा टेहळ्या घोडा फेसाळेपर्यंत दौडत आला. सेनापतीनं खरंच साडेचार-पाच हजार माणसं काढली होती. नदीवर नावांचा पूल बांधताना त्यांना उशीर झाला होता, पण आता ती अलीकडे होती आणि तीन मुक्कामांवर होती. आणखी दोन दिवस ती आमच्या दिशेनं चालली की आमचं मोठं सैन्य लिंडेनबोर्खवर तुटून पडणार होतं. सगळं ठरल्याप्रमाणे. संत याकोबाच्या सणाला अजून दहा दिवस बाकी होते. मी बोटांवर मोजलं: सतराला हल्ला, अठराला धान्य आत. हिस्केच्या वीस तारखेला दोन दिवस शिल्लक.

बरोबर बारा वाजता स्टेनवेर्डमध्ये ढोल वाजायला लागले.

वेस सताड उघडली. पुढे ढोलवाले, मागे फडकणारं निशाण, मग ऐंशी शिपाई, बंदुकांच्या वाती दोन्ही टोकांनी पेटवलेल्या. मानानं गाव सोडताना असंच निघायचं असतं. सर्वांत पुढे कप्तान ओल्मेदो, धुतलेल्या गळपट्ट्यात, तोंडात शिशाची गोळी धरून. म्हणजे मी हरलेलो नाही, अजून लढू शकतो, अशी खूण. दातांच्या अभावी त्याला ती गालात धरावी लागत होती. शेजारी गोसविन, उशी, किल्ली.

"हे काय?" कर्नलसाहेब म्हणाले.

ओल्मेदो काहीतरी बोलला. कोणालाच कळलं नाही. त्यानं गोळी काढून हातात घेतली. "आज संत याकोबाचा सण. बारा वाजले. कुमक आली नाही. मी शब्द पाळतोय."

काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं, आणि दोन आठवडे का कळलं नव्हतं तेही.

काही वर्षांपूर्वी पोपनं पंचांग दुरुस्त करायला घेतलं आणि वर्षातले दहा दिवस गाळून टाकले. रोमवाल्यांनी ते निमूट मानलं. आमच्या प्रांतानं मानलं नाही. पोपशी सहमत होण्यापेक्षा सूर्याशी असहमत असणं आम्हाला बरं वाटलं. तेव्हापासून आमची पंधरा तारीख ही त्यांची पंचवीस. सराईत चिटणीस शत्रूशी करार करताना दोन्ही तारखा लिहितात, एकीखाली एक, मध्ये रेघ, अपूर्णांकासारख्या. मीही एरवी तसंच करायचो. त्या दिवशी मी तारीखच लिहिली नव्हती. सणाचं नाव लिहिलं होतं. सण कागदावर शोभून दिसतो.

"घ्या किल्ली," गोसविन म्हणाला. "गवत राखलंत, आभारी आहोत."

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही पुढचं दिसत होतं. शरण आलेल्या किल्लेदाराला आपल्या माणसांसह मोकळं सोडायचं असतं, आणि तो सरळ आपल्या सैन्याकडे जातो. म्हणजे ओल्मेदो ढोल वाजवत त्याच रस्त्यानं जाणार, ज्या रस्त्यानं पाच हजार येत होते. उद्या संध्याकाळी ते भेटतील. गाव गेलं म्हटल्यावर पाच हजार मागे फिरतील आणि आमच्या मोठ्या सैन्याच्या पाठीवर पडतील. किल्ली घ्यायची नाही म्हटलं तर सही केलेला करार मोडला, आणि सही मोडणाऱ्या कर्नलला पुढे कोणतंही गाव शरण येत नाही. सगळी गावं मरेपर्यंत लढतात.

"त्यार्क," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तूच लिहिलंस. तूच निस्तर."

मी पाद्री मेनोल्डुस यांच्याकडे गेलो. त्यांना मी फक्त एक प्रश्न विचारला: "पाद्रीबाबा, आज तारीख काय?"

बाकीचं त्यांनी स्वतःच केलं.

ते दोन्ही सैन्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "आज पंधरा तारीख आहे!" ते गरजले. "सूर्य देवानं लावलाय, पोपनं नाही! आज ही किल्ली घेतली, तर आज पंचवीस आहे हे आपण कबूल केलं. पंचवीस कबूल केली की त्यांचा ईस्टर कबूल केला. ईस्टर कबूल केला की पोप कबूल केला! एका भिकार गावासाठी पलटण आपला आत्मा विकणार आहे काय?"

"भिकार कशाला म्हणता?" गोसविन म्हणाला.

"म्हणजे आमचे पवित्र पिता खोटे?" ओल्मेदोनं विचारलं. आवाज शांत होता, पण मिशी थरथरत होती.

"खोटे कशाला? ख्रिस्तद्रोही!"

कर्नलसाहेबांनी टोपी काढली. "कप्तान, मला फार वाईट वाटतं. गाव मला हवंच आहे. पण माझ्या धर्मानुसार तुम्ही दहा दिवस लवकर आलात. पंचवीस तारखेला या."

"आज पंचवीस आहे!"

"तुमच्याकडं."

तीस वर्षं मी धर्मयुद्धं बघत आलोय. धर्मशास्त्राचा इतका नेमका आणि वेळेवर उपयोग झालेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. ओल्मेदोनं गोळी जमिनीवर फेकली, मागे वळला आणि आपल्या शिपायांना आत जायचा हुकूम दिला. त्याचं मुंडकं, त्याचा मान, त्याचा सण, सगळ्यांचा एकदम अपमान झाला होता. "आता भिंत पडली तरी वेस उघडणार नाही!" तो जाता जाता ओरडला. "आणि आमच्याही तोफा आहेत, खऱ्या!"

गोसविन मात्र तिथंच उभा राहिला, उशी काखेत मारून. मग माझ्याकडे आला.

"चिटणीस, तारखेच्या जागी सण तुम्ही लिहिलात ना? मुद्दाम?"

"नाही. चुकून."

"आणि आत्ता त्या पाद्र्याच्या कानाला लागलात, ते?"

"ते मुद्दाम."

त्यानं मान हलवली. "लिंडेनबोर्खात कोण आहे तुमचं?"

लिंडेनबोर्खचं नाव मी त्याच्यापुढे कधी काढलं नव्हतं. पण त्याच्या भट्टीत येणारे गाडीवान काही बहिरे नव्हते.

"बहीण. दोन भाच्या."

"किती जण येतायत?"

खोटं बोलता आलं असतं. दोन आठवडे मी तेच करत होतो आणि हात चांगला बसला होता. "पाच हजारांच्या आसपास."

"तीन-चार दिवसांत?"

"तीन."

"माझी चारशे घरं आहेत," तो म्हणाला. "म्हणजे दर घरी बारा माणसं, आणि वर घोडे. लुटारू तीन दिवसांत जातात, चिटणीस. सोडवायला आलेले जात नाहीत. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी."

मी जमिनीवर पडलेली ओल्मेदोची गोळी उचलली.

"तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं," गोसविन म्हणाला. "पण म्हणून मी राग गिळला असं समजू नका."

तो आत गेला आणि वेस बंद झाली. त्याला वाटलं असतं तर शेतातून एखादा माणूस पळवून येणाऱ्या सैन्याला सांगता आलं असतं की गाव पडलं, परत फिरा. खोटी का होईना, बातमी पोचली असती. तसा माणूस आला नाही. ओल्मेदोनं वेशीवर पहारा बसवला म्हणून, की आणखी कशामुळे, ते मला माहीत नाही. मी त्याचा फार विचार करत नाही असं मी लोकांना सांगतो.

पुढचे तीन दिवस खरे होते. ओल्मेदोकडे चार तोफा निघाल्या, त्यातल्या तीन चालत होत्या. आमचे गोळे अजूनही कबुतरांच्या बुरुजावरच पडत होते, कारण तट फुटायला नको होता, आणि त्यांचे आमच्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी वोब्बे एक लाकडी तोफ पुढे ढकलत होता. मी त्याला म्हटलं, आता कशाला, त्यांना केव्हाच कळलंय. तो म्हणाला, "यांना कळलंय हो. जे येतायत त्यांना कुठं कळलंय?" गोळा ओंडक्यावर बसला. एल्मचं लाकूड चिवट असतं, उभं फाटतं. त्याच्या फुटाएवढ्या चिरफळ्या झाल्या आणि त्यातली एक वोब्बेच्या मानेत गेली. डांबराचा हात मानेला लावून तो खाली बसला. "च्यायला, आपलंच लाकूड," म्हणाला, आणि त्यावर काही बोलायला मला वेळ मिळाला नाही.

वोब्बेच्या मृत्यूचा कागद मीच लिहिला. त्यात तारीख घालताना दोन्ही तारखा घातल्या.

अठरा तारखेला सकाळी पूर्वेला धूळ दिसली. कर्नलसाहेब आपल्या सिद्धांताला जागले. भेटायच्या आत आम्ही निघालो. लॅम्बर्टला मी म्हटलं, जा आता घरी, तुझ्या राजाचं सैन्य आलंय.

"किती?" त्यानं विचारलं.

"पाच हजार."

"राहणार कुठं?"

"तुमच्याकडं."

त्यानं तोंडातला घास पुरा चावून गिळला. त्याला तसं करताना मी प्रथमच पाहिलं. "मी तुमच्याबरोबर येतो," तो म्हणाला.

तो आला. वाटेत तीन दिवस तो स्टेनवेर्डबद्दल बोलत होता: कोणत्या घरात कोण राहतं, कोणाला किती लेकी, कोणाच्या तळघरात काय. मी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

लिंडेनबोर्खचा वेढा उठला होता. वेशीत धान्याच्या गाड्यांची रांग होती आणि चर्चमध्ये आभाराची प्रार्थना चालली होती. बरेचसे लोक रांगेत होते. हिस्के घरी होती. मी ओळखली, पण आवाजावरून. मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. डाउवे सोळा तारखेला गेला होता.

"चार दिवस उशीर केलास," ती म्हणाली. मग म्हणाली, "बस."

मी राय धान्याचा काळा पाव काढला, चीज काढलं. तिनं आधी मुलींना दिलं, बारीक तुकडे करून, हळू खा म्हणत. मी बोलत सुटलो. का, ते ठाऊक नाही. वोब्बेचं सांगितलं, संताच्या सणाचं सांगितलं, पाद्रीबाबांना काय विचारलं ते सांगितलं. गोसविन काय म्हणाला तेही.

"किती घरं म्हणालास?"

"चारशे."

"आणि ते तिथंच राहणार?"

"हिवाळाभर तरी. गवत आहे तिथं. आम्ही राखलेलं."

मला वाटलं, आता ही पाव खाली ठेवेल, आणि मग मी काय करायचं? तिनं ठेवला नाही. तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, टेबलावरचे कण ओल्या बोटानं टिपले, तेही खाल्ले.

"अजून आहे का?" तिनं विचारलं.

होता. मी दिला.